शनिवारचं माकड

सासूबाई कानडी मुलखात, चिकपेटेत वाढलेल्या. मी पुण्याची, म्हणजे दुसऱ्याला शिस्त लावायचा हक्क जन्मतःच मिळालेली. त्यांचं एक व्रत होतं: शनिवारी माकडाला चणे-गूळ घातल्याशिवाय स्वतः काही खायचं नाही. त्यात त्यांना मधुमेह. आमच्या हेब्बाळच्या घराजवळची माकडं दिसेनाशी झाली तेव्हा व्रत सुटलं, असं समजून मी सुटकेचा निःश्वास टाकला. मग पुढच्याच शनिवारी त्यांनी प्राणिसंग्रहालयात जायचा हट्ट धरला. मला वाटलं, वाघ बघायचा असेल.

फाटकावर पिशव्या तपासत होते. आमच्याकडे खायचं काही नाही, असं मी तोऱ्यात सांगितलं. आत बिबट्याला शिट्ट्या मारणाऱ्या दोघांना झापलं. काचेवर टकटक करणाऱ्या एका गृहस्थांना तर त्यांच्या बायकोदेखत सुनावलं. फार बरं वाटलं.

माकडांपाशी वळून बघते तो सासूबाई पदराची गाठ सोडताहेत. आत चणे-गूळ! मघाचे गृहस्थ नेमके मागेच उभे होते. लाजेने माझे कान तापले.

माकडांची देखभाल करणारा माणूस धावत आला, पण आवाज चढवला नाही. मागे कुणीतरी असंच गोड घातलं आणि त्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या माकडाचं पोट आठवडाभर बिघडलं, असं त्याने कानडीत सांगितलं. माकडांना साडेबाराला मोजून खाणं मिळतं म्हणाला. सासूबाईंनी गाठ पुन्हा बांधली आणि बाकावर बसल्या.

तेव्हा अकरा वाजले होते. म्हणजे सकाळपासून यांच्या पोटात कण नव्हता. वर मधुमेह. मी घाबरले आणि घाबरले की मी चिडते.

"अहो आई, चक्कर येईल तुम्हाला. उपाहारगृहात चला आधी."

"स्वल्प थांब," एवढंच त्या म्हणाल्या.

दीड तास त्या हलल्या नाहीत. मी चरफडत फेऱ्या मारत राहिले. साडेबाराला त्या माणसाने गाजर-काकडी आत ठेवली. म्हाताऱ्या माकडाने गाजर उचललं आणि सावकाश चावलं. त्याने घास गिळलेला बघून सासूबाई उठल्या, माझा हात धरला.

"गेलं त्याच्या पोटात. माझ्याच हातचं पाहिजे, हा माझा हट्ट होता, मारुतीचा नव्हे. चल, आता मला इडली दे."