शेवटचं न्हाऊ घालणारी जारा

...आणि काल सांगता सांगता ती विहिरीवरची गंमत राहिलीच की! वयस्क बाईला आम्ही मक म्हणतो, तर ही मक जारा आली की विहिरीवरच्या बादल्या आपोआप बाजूला सरकायच्या. चुकून तिचा हात कुणाच्या खांद्याला लागला, तर ती बाई ओरडायची, "मक जारा, कफनाचं माप घेऊ नका हं! मला अजून नातवाची सुंता बघायचीय." जाराही काही कमी नव्हती. म्हणायची, "तुझं माप कशाला घेऊ बाई? या विहिरीचं पाणी तुझ्या एवढ्या अंगाला पुरायचं नाही!"

गावात बाई गेली की तिला शेवटचं न्हाऊ घालायचं काम जाराचं. एरवी ती मासळीच्या पिठाचे पापड वाळत घालायची. निरोप आला की हात धुवायचे आणि निघायचं. हे काम तिला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या तोक मुनाहनं, म्हणजे मुनाहआजीनं, एकच ताकीद दिली होती, "मेलेल्या बाईच्या अंगावर जे दिसेल, ते पाण्याबरोबर सोडून द्यायचं. कुणाजवळ बोलायचं नाही. तिची लाज आता तुझ्या हातात."

जारानं ती ताकीद जन्मभर पाळली. जुने व्रण, नवऱ्याच्या माराचे वळ, सगळं गिळलं. पण अलीकडे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तिच्या हाताखाली यायला लागली. छातीतली गाठ. दगडासारखी. कुणाची फुटलेली, वर पाला बांधलेला. बाहेर अंगणात कुणी म्हणायचं ताप होता, कुणी म्हणायचं करणी. आत जारा गप्प. आमच्याकडे बाई विहिरीवर न्हाते तीसुद्धा काखेत सारोंगची लुंगी कसून. स्वतःचं अंग स्वतःलाच धड दिसत नाही, तिथं शेजारणीला काय दिसणार?

तिची धाकटी बहीण कलसोम तशीच गेली. दोघी जन्मभर एकाच विहिरीवर न्हाल्या, आणि जाराला कळलं ते बहिणीच्या प्रेतावर पाणी ओतताना. हात जागच्या जागी थांबला. तोंड मात्र उघडलं नाही.

पुढं दवाखान्यातली नर्स आली. मशिदीच्या ओसरीवर बायका जमवून तिनं रबराची छाती मांडीवर घेतली. आत गाठींसारखे मणी लपवलेले. "बोटांनी चाचपून शोधा. दर महिन्याला स्वतःचंही असंच बघायचं." बायकांनी ओढणीत तोंडं खुपसली.

"अगं, शोधायला गेलं की नसलेलंही येतं!"

"माझ्या नवऱ्याला शिकवा, बसून असतो नुसता!"

सगळ्यांत मोठ्यानं हसली ती कलसोमची मुलगी, सालबिया. जारा तेवढी हसली नाही.

मग एका सकाळी विहिरीवर दोघीच होत्या. सालबिया डोक्यावर पाणी ओतत होती आणि तिचा डावा हात अर्ध्यावरच अडकत होता. शेवटच्या वर्षी कलसोमचाही हात असाच अडकायचा.

"हात का गं आखडतो?"

"काही नाही, मक लाँग," सालबिया म्हणाली; थोरल्या मावशीला ती असंच म्हणायची. "पापड उलटून उलटून भरून आलाय."

"नर्सनं सांगितलं ते केलंस का?"

"शी! तुम्हीपण ना! मावशी भाचीला असलं विचारते का? आणि आपल्या घरात कुणाला होतं ते? आई तर तापानं गेली. तुम्हीच होतात ना तिच्यापाशी?"

जारा कठड्याला धरून उभी राहिली. ओल्या दोरावरून पाणी खाली ठिबकत होतं, आणि खाली विहीर काळीकुट्ट. नुसतं हो म्हटलं तर कलसोमची लाज राहत होती, पण ही पोर हातची जात होती. सालबिया हसत हसत तिच्याकडे बघत होती, उत्तराची वाट बघत. जारानं बादली खाली ठेवली आणि म्हणाली,

"नाही गं बाळा, ताप नव्हता तो. तिला न्हाऊ घालताना छातीतली गाठ माझ्या हाताला लागली, आणि मी गप्प बसले. आता लाज सोड, सारोंग सैल कर, आणि तुझा हात दे इकडे."