भटारखान्याकडे तोंड असलेली खुर्ची

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी माझ्या नाशिकच्या घरमालक काकांचे नाव घेतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, म्हणून लोकांना वाटते काकांनी माझा अभ्यास घेतला असेल, ओळखी लावल्या असतील. तसे काही नाही. काकांनी मला हॉटेलात बसायला शिकवले. नाशकात अशी एकही कढई नव्हती जिच्यातले काकांनी खाल्ले नाही, आणि असा एकही आचारी नव्हता ज्याला त्यांनी न विचारता सल्ला दिला नाही.

काकांची नोकरी विजेचे मीटर वाचण्याची. त्या निमित्ताने ते गल्लीबोळांतल्या प्रत्येक हॉटेलाच्या मागच्या दाराने आत जाऊन आलेले. त्यातून त्यांनी एक सिद्धांत काढला होता. ज्या हॉटेलचा मीटर जोरात पळतो तिथला फ्रीज मोठा, आणि फ्रीज मोठा म्हणजे कालचे आज. तेव्हा खावे ते मंद मीटरच्या हॉटेलात. या सिद्धांतावर विसंबून ते मला एकदा पंचवटीतल्या एका हॉटेलात घेऊन गेले. तिथल्या मीटरचे चाक जवळजवळ झोपलेले. काका खूश. भजी आली, आणि मग लक्षात आले की तिथे कोणी गिऱ्हाईकच येत नाही. आम्हाला पाहून मालकाने आनंदाने पंखा लावला. काका बराच वेळ एक भजे चघळत राहिले आणि म्हणाले, "सिद्धांत बरोबर आहे. हॉटेल चुकलं."

मी नामपूरचा. कांद्याच्या मार्केटातला चहा सोडला तर बाहेरचे खाणे मला माहीत नव्हते. नव्वदच्या दशकात मी त्यांच्या मागच्या खोलीत राहायला आलो, आणि पहिल्याच रविवारी त्यांनी मला स्कूटरवर बसवून मिसळ खायला नेले. मी बाकाच्या टोकावर अंग चोरून बसलो, मान खाली घातली आणि खाऊन टाकले. काकांनी विचारले, कशी आहे? मी म्हणालो, चांगली.

"चांगली काय? मुलगी बघायला आलायस का? चांगली म्हणजे कशी, ते सांग."

पुढचे कित्येक रविवार हीच परीक्षा. तर्री जिभेला आधी लागते की घशाला, मटकी दाताखाली राहते की विरघळते, पापड मोडून टाकला तेव्हा रश्श्याचे काय झाले. कॉलेजच्या तोंडी परीक्षेला मी इतका कधी घामाघूम झालो नाही. पण हळूहळू मान वर करून बोलायला लागलो, ते तिथेच.

हॉटेलात शिरल्यावर काका कायम एकच खुर्ची धरायचे, भटारखान्याकडे तोंड असलेली. समोर बघणारा असला की वाढणाऱ्याचा हात आखडत नाही, हे त्यांचे म्हणणे. ती खुर्ची त्यांनी कोणालाच दिली नाही, काकूंनाही नाही. काकू म्हणायच्या, "लग्नातसुद्धा माझ्याकडे कुठे बघितलं यांनी? आचाऱ्याकडे लक्ष." नव्या भाताच्या दिवसांत ते स्कूटरने थेट घोटीला जायचे, तिथल्या खानावळीत नुसता वरणभात खायला. एवढ्या लांब वरणभातासाठी कशाला, असे मी एकदा विचारले. तेव्हा काकू मागे बसायला निघालेल्या, त्यांनीच उत्तर दिले, "घरचा केला तर हे कुणाकडे बघणार?"

मला नोकरी लागली, सटाण्याच्या शाळेत. त्याच वर्षी काकांच्या घशाचे ऑपरेशन झाले. जीव वाचला, पण खाणे गेले. पातळ पेज, तीही चमच्याने. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा खाटेभोवती नातेवाईक बसले होते. काकांनी एकेकाला घोगऱ्या आवाजात विचारले, आज काय खाल्लं? त्यांना वाईट वाटू नये म्हणून प्रत्येक जण म्हणाला, काही नाही, इच्छाच होत नाही. काका चिडले. माझ्याकडे बघून म्हणाले, "गावात सगळेच उपाशी आहेत का रे, नामपूरकर?"

मी फाटकाबाहेर साबुदाणा वडा खाऊन आलो होतो. सांगितले. कडा कुरकुरीत, आत थोडा कच्चा, दाण्याचे कूट भरड, दही मात्र गोड. नातेवाईक माझ्याकडे रागाने बघत होते. काकांनी डोळे मिटले होते. "तेल तापलं नव्हतं," ते म्हणाले, आणि काकूंनी पुढे केलेली पेज मुकाट्याने प्यायले.

सटाण्याला गेल्यावर मी त्यांना पत्र पाठवले. काका पुढे कधी हॉटेलात गेले नाहीत. ते वारल्यावर काकूंनी ते पत्र मला परत दिले, तेव्हा त्याच्यावर पेजेचे वाळलेले डाग होते. पेज पिताना ते वाचून दाखवायला लावायचे, काकू म्हणाल्या.

ती. काकांस साष्टांग नमस्कार.

काल आबांना आणि आईला इथल्या स्टँडजवळच्या हॉटेलात नेले. दोघे पहिल्यांदाच हॉटेलात बसले. शेवभाजी मागवली. रस्सा काळा, वरून तिखट दिसतो पण आधी खोबऱ्याची चव येते, तिखट मागाहून कानापर्यंत चढते. शेव जाड, रश्श्यात पडल्यावरही मोडत नाही. भाकरी तव्यावरून थेट, बोटे भाजली. कांदा आबांनी मुठीने फोडून दिला.

तुमची खुर्ची मी आईला दिली. ती सारखी उठत होती, आत भाकरी करपेल म्हणून. शेवटी तिथली बाई म्हणाली, मावशी, बसा हो, मी हाय ना. मग बसली. जेवताना सगळा वेळ त्या बाईच्या हाताकडे बघत होती.

आबांना विचारले, कशी आहे? म्हणाले, चांगली शे. मी म्हणालो, चांगली म्हणजे कशी? त्यांनी आईकडे बघितले. मग म्हणाले, "तुन्ही माय करस तशी नही. पन आज तिले कोनी दुसरं वाढी ऱ्हायनं."

मीटर बघायचा राहिला.

आपला,
नामपूरकर