घरटी एक माणूस

उधाणाच्या भरतीने आमच्या खारबांधाला भगदाड पडलं आणि खाडीचं पाणी भातशेतात शिरू लागलं, तेव्हा गावात निरोप फिरला: दुरुस्तीला घरटी एक माणूस. आईवडील गेल्यापासून घरात मी एकटी, म्हणून मीच गेले. तीन दिवस चिखलाच्या पाट्या वाहिल्या. शाळेत मराठी शिकवते म्हणून कुणी मला हलकी पाटी दिली नाही आणि हजेरी घेणाऱ्याने रोज माझ्या घरापुढे खूण केली.

चौथ्या दिवशी तोच निरोप पुन्हा आला, या वेळी देवळातल्या बैठकीसाठी. जुना बांध सोडून द्यायचा आणि नवा आतल्या बाजूला घालायचा, असं घाटत होतं. तसं झालं असतं तर माझं सगळं शेत बांधाबाहेर, म्हणजे खाऱ्या पाण्यात. मी पायऱ्या चढले तर गावकीचे अध्यक्ष म्हणाले, "बाय, तू कशाला आलीस? घरटी एक माणूस बोलावलाय."

"मग मी कोण?"

"अगं, माणूस म्हंजे बाप्यामाणूस."

इतकी वर्षं मुलांना शब्दांचे अर्थ शिकवले, पण एकाच शब्दाचे दोन अर्थ इतक्या सफाईने वापरलेले पाहिले नव्हते. पाटी उचलताना मी माणूस, बैठकीत बसताना बाई. घेताना एक वजन आणि देताना दुसरं वापरणाऱ्या दुकानदाराला हेच लोक भर बाजारात शिव्या घालतात. मी हे तोंडावर बोलले.

मग उत्तरं सुरू झाली. "आजवर कदी बाई बसली न्हाय." बसली नाही हे मलाही ठाऊक होतं, बसू का नये ते मी विचारत होते. "आज तू आलीस, उद्या सगळ्या बायका येतील." येऊ देत की! पाट्या वाहायला सगळ्या येतात तेव्हा या उद्याची भीती वाटत नाही. मागून एकजण पुटपुटला, हिचं लग्न झालं असतं तर ही वेळच आली नसती. माझं लग्न आणि खाडीचं पाणी यांचा संबंध मला अजून कुणी समजावलेला नाही. शेवटी अध्यक्षांनी ठेवणीतलं काढलं, "तुला गाव वाचवायचा हाय का तुजं शेत?" जसं काही दोन्ही वाचवायला बंदीच होती.

संतापाच्या भरात मीही ओरडले, "माझ्या आईबापांनी या शेतात रक्ताचं पाणी केलंय!" खरं होतं ते. पण बांध कुठे घालावा, हे त्यावरून ठरत नाही. घरी आल्यावर माझी मलाच लाज वाटली. दुसऱ्याच्या बोलण्यातली खोट काढायची आणि आपली झाकायची, हे कसलं शहाणपण? सकाळी उठून दोन्ही जागा पावलांनी मोजल्या. जुना बांध थेट भरतीच्या तोंडावर आहे, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण भगदाड होतं चाळीस पावलं, आणि नवा बांध घालावा लागणार होता तीनशेहून जास्त. चाळीस पावलं दगडाने पक्की करणं सरळ सोपं होतं.

परतले तर हजेरीवाला दारात उभा. बैठकीत नवा बांध ठरला होता. काम सुरू, घरटी एक माणूस.

"माझ्या घरात माणूस नाही," मी म्हटलं.

शेजारणीने कुंपणापलीकडून ऐकलं आणि तिनेही पाटी खाली ठेवली. दुपारपर्यंत अर्ध्या गावातल्या बायका घरी बसल्या होत्या. बांधावर नुसते बाप्ये, आणि काम तसूभर पुढे सरकेना.

यावर गावकीने तोड काढली: रविवारी पुन्हा बैठक, बांध कुठला ते हात मोजून ठरवायचं. आणि माझ्या घरातर्फे मुंबईहून माणूस मागवला, माझा धाकटा भाऊ. दहा वर्षांत तो बांधाकडे फिरकला नव्हता. रविवारी मांडव्याला बोटीतून उतरला तो पांढऱ्या बुटांनिशी थेट बैठकीत. भावासोबत म्हणून मलाही बसू दिलं. मी फक्त पावलं सांगितली. काही माना हलल्या. मग अध्यक्ष म्हणाले, "नवा बांध पायजे त्यांनी हात वर करा. घरटी एक."

भावाने हात वर केला. "ताई, त्या खाऱ्या जमिनीत ठेवलंय काय?" तो हळूच म्हणाला.

मी त्याचं मनगट धरून हात खाली ओढला. जुन्या बांधासाठी हात मागितले तेव्हा माझा वर केला. मोजणारा माझ्यापाशी येऊन थांबला आणि अध्यक्षांकडे बघू लागला. "मोज," मी म्हणाले. "मोजल्याशिवाय हा खाली येणार नाही." बायकांची गर्दी पायऱ्यांवर उभी होती. त्याने मोजला. एका हाताने जुना बांध राहिला.

भाऊ न जेवता परतीच्या बोटीला निघाला. मला फार वाईट वाटलं, त्याच्या आवडीचं कालवण केलं होतं.

"चार लोकांत माझा हात ओढलास," तो दारातून म्हणाला.

"तू माझं शेत ओढून नेत होतास," मी म्हटलं.