तिठ्यावर ठेवलेली मदत

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण गोष्टीच्या शेवटाला मी असा काही उघडा पडलोय, की तुम्हाला माझी दया येईल आणि मग नीट हसता यायचं नाही.

स्वाइन फ्लूची साथ आली होती ना, त्या वर्षीची ही गोष्ट. ठाण्याच्या आमच्या ऑफिसात एकाला तो झाला. त्याच्या शेजारच्या टेबलावर कोण? अस्मादिक! दोन दिवसांत मलाही सर्दी-ताप. शहापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, सात दिवस उंबरठा ओलांडायचा नाही, आणि गरोदर बाईच्या तर आसपासही फिरकायचं नाही, त्यांना हा ताप फार वाईट.

सापगावपासून थोडं आत, शेतांच्या कडेला आमचं घर. घरात मी आणि बायको सुनंदा, दोघंच. आता सात दिवस करायचं काय? मी म्हटलं, रडत बसायचं नाही. वहीच्या पानावर तीन कलमी कार्यक्रम लिहिला आणि भिंतीला चिकटवला: तब्येत, करमणूक, मदत.

तब्येत म्हणजे सकाळी गवती चहाचा काढा आणि बारा सूर्यनमस्कार. पाचव्या नमस्काराला कंबर धरली, तेव्हा ते कलम काढ्यावर भागवलं. करमणूक म्हणजे कॅरम. मी मास्क लावून एका टोकाला, सुनंदा दुसऱ्या टोकाला. पहिल्याच दिवशी ती सलग नऊ डाव जिंकली. तेव्हा माझं सगळं लक्ष तिसऱ्या कलमाकडे वळलं.

घरासमोर तीस पावलांवर तिठा आहे. एक वाट डांबरी रस्त्याला जाते, एक गावात, एक पलीकडच्या वाडीत. वाडीत सगळी मजुरीवर जगणारी माणसं. भाताची आवणी संपलेली, कापणीला अजून वेळ, त्यात साथीच्या भीतीने बाहेरची कामंही बंद. आपल्या घरात कणगी भरलेली आणि समोर चुली थंड, हे मला बघवेना. पण मी जाणार कसा आणि त्यांनी यावं कसं?

मग मला सुचलं. सुनंदाला म्हटलं, एक सूप भर आणि तिठ्यावरच्या दगडावर ठेवून ये. ज्याला हवं तो नेईल. आणि तिन्हीसांजेला ठेव, चारचौघांदेखत हात पुढे करायला माणसाला लाज वाटते. काय तो माझा विचार! मी स्वतःवरच खूश.

सुपात काय काय होतं ते सांगतो, नीट ऐका. तांदूळ. नारळी पुनवेचा राहिलेला नारळ. आमच्या कोंबड्यांची चार अंडी. सर्दीवर चांगली म्हणून पाच लिंबं. मूठभर सुक्या मिरच्या. दुधातून घ्यायला हळदीची पुडी. आणि कावळ्यांनी चोच घालू नये म्हणून वरून लाल फडकं.

तुमच्या लक्षात आलं? माझ्या नाही आलं.

सकाळी खिडकीतून बघतो तर सूप तसंच. रात्री पाऊस पडून फडकं सरकलेलं, पुडी फुटलेली, तांदूळ पिवळेधमक. आणि वाडीची माणसं तिठा सोडून शेताच्या बांधावरून, गुडघाभर चिखलातून चाललेली! मी थक्क झालो. केवढा हा स्वाभिमान! फुकटचं नको म्हणून वाट सोडतात, पण हात लावत नाहीत. सुनंदा म्हणाली, "अहो, मला काही वेगळंच वाटतंय." मी म्हटलं, तू कॅरम लाव. संध्याकाळी आणखी एक नारळ आणि चार लिंबं ठेवायला लावली. तिसऱ्या दिवशी आणखी चार.

चौथ्या दिवशी सकाळी वाडीतून जीप आली, मागोमाग वाडीची माणसं. आत वाडीतली एक सून, कमळी, नऊ महिने भरलेली, कळा सुरू झालेल्या. तिला शहापूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. जीप तिठ्याजवळ आली आणि ड्रायव्हर पांडूने कचकन ब्रेक मारला.

"उतारा हाय," तो म्हणाला. "तीन दिवस कोन तरी वाढवतंय. अडलेली बाई घेऊन मी नाय वलांडनार."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. लिंबू, नारळ, अंडी, हळदीचे तांदूळ, लाल फडकं, तिन्हीसांजेची वेळ आणि तीन वाटांचा तिठा! आजाऱ्यावरून उतरून टाकलेलं, जो ओलांडेल त्याच्या अंगावर येणारं. आणि हे ठेवणारा कोण? दर वर्षावासात विहारात उभा राहून अंधश्रद्धेवर तास तास बोलणारा मी! मागून सुनंदा शांतपणे म्हणाली, "परवा अवससुद्धा होती."

मी खिडकीतून ओरडलो, "पांडू, उतारा नाही तो! मी ठेवलंय ते!"

झालं! होते नव्हते ते सगळे चार पावलं मागे सरले. आजारी माणूस स्वतःच्या तोंडाने सांगतोय, आता आणखी काय पुरावा हवा? एक जण माझ्याकडे बघत दुसऱ्याला हळहळून सांगत होता की भाऊंसारख्या मानसानं लिंबू टाकला म्हंजे दुखनं लईच जड असनार.

दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली शेतं, जीपला दुसरी वाट नाही. आत कमळी विव्हळत होती. धावत जाऊन ते सूप उचलावं तर डॉक्टरांचे शब्द आठवले, आणि सुनंदाही माझ्याच घरातली, तिला पाठवायची तरी कशी? दोन्ही हातांनी गज धरून मी नुसता उभा होतो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

तेवढ्यात बुधीबाय पुढे आली. वाडीतली म्हातारी, पावसात आम्हाला रानभाज्या आणून देणारी. एकटीच राहते. दगडापाशी उभी राहून तिने एकदा जीपकडे पाहिलं.

"पोर अडली हाय," ती म्हणाली. "मी काय, पिकलं पान. यायचं ते माझ्यावर येऊ दे."

आणि तिने ते सूप उचलून डोक्यावर घेतलं. ओठ पुटपुटत होते. बांधावर उतरून ती बाजूला उभी राहिली आणि जीप गेली.

मी बघतच राहिलो. माझ्या लेखी सुपात नारळ आणि अंडी होती. तिच्या लेखी मरण होतं, आणि ते तिने दुसऱ्याच्या सुनेसाठी डोक्यावर घेतलं होतं. माझं तिसरं कलम मला एकदम फार बारीक दिसायला लागलं. डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

मग मी तिला हाक मारून सांगितलं, की बुधीबाय, शपथेवर सांगतो, खायलाच ठेवलंय ते सगळं. तिने सूप डोक्यावरून खाली घेतलं. मग म्हणाली, "तुमी म्हनता तर शिजवते." आणि सूप घेऊन गेली.

दुपारी कमळीला मुलगी झाल्याचा निरोप आला, दोघी सुखरूप. संध्याकाळी बुधीबाय आमच्या पायरीशी आली. एक टोप ठेवला, वर दोन तांदळाच्या भाकऱ्या.

"त्याच अंड्यांचं कालवन हाय. एकटीनं कसं खायाचं? तुमाला पन आनलं," म्हणाली आणि निघून गेली.

सुनंदाने ताटं वाढली. कालवणाला काय वास सुटला होता! मी भाकरी मोडली, हात कालवणापर्यंत नेला… आणि हात थांबला. तीन रात्री तिठ्यावर राहिलेली अंडी, अवसेची. विहारातली माझी सगळी भाषणं आठवली, पण हात काही पुढे जाईना.

"काय झालं?" सुनंदाने विचारलं.

"काही नाही. ॲसिडिटी वाटतेय."

तिने माझ्याकडे पाहिलं. भाकरीचा मोठा तुकडा मोडला, कालवणात बुडवून तोंडात टाकला, सावकाश चावून गिळला आणि वर घोटभर पाणी प्यायली.

"जेवा आता," ती म्हणाली. "मी अजून जिवंत आहे."