तांडेलाच्या होडीचं इंजिन

निवृत्त झाल्यापासून पूनम सागर सोसायटीतल्या आमच्या कट्ट्यावर संध्याकाळी कुणी ना कुणी गळ घालतंच, "साहेब, एखादी खतरनाक केस सांगा ना." खतरनाक केसेस मी विसरत चाललोय आणि खरं सांगायचं तर विसरतोय ते बरंच आहे. पण भाईंदरजवळच्या उत्तन गावातली, एका परसातली इंजिनाची केस काल घडल्यासारखी डोळ्यांसमोर आहे. तीत ना रक्त सांडलं, ना पिस्तूल निघालं. कागदावर तर ती केस उभीसुद्धा राहिली नाही.

मी तेव्हा सहायक निरीक्षक होतो, निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. त्या दिवसांत भाईंदर पूर्वेतून माल वाहणाऱ्या छोट्या गाड्या चोरीला जात होत्या. गाडी खाडीच्या कडेला सापडायची, पण इंजिन काढून नेलेलं असायचं. वरिष्ठ रोज सकाळी आमची हजेरी घेत आणि आम्ही भंगारवाल्यांची घेत असू.

अशातच एका जुन्या भंगारवाल्याने खबर दिली. चहा प्यायला बोलावलं आणि कप हातात देता देता म्हणाला, "साहब, उत्तन में एक लड़का घर पे गाड़ी बना रहा है. बड़े बड़े टायर, चारों चक्के खिंचने वाली. मेरे से रेडिएटर लिया, मैं छोड़ने गया था. इंजिन पे नंबर ही नहीं है. ग्राइंडर मारा हुआ है."

इंजिनाचा नंबर घासून काढायचं काम एकतर चोर करतो, नाहीतर चोराचा माल घेणारा. मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि माझ्या हवालदारांना त्या मुलाला चौकशीसाठी आणायला पाठवलं. हवालदार सांगलीकडचे, तोंडाने फटकळ, मनाने लोणी.

मुलगा म्हणजे चांगला पस्तिशीचा गडी होता. उत्तनचं जुनं ख्रिस्ती कोळी घर. बाप तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान. मुलाने मात्र समुद्र सोडून भाईंदरला लिफ्ट दुरुस्तीची नोकरी धरलेली. इथे नाव कुणाचंच लिहीत नाही. ठाण्यात आम्ही त्याला लिफ्टवाला म्हणायचो, तेच पुढे चालवतो.

खुर्चीत बसला तो शांत. हात काळे, नखांत ग्रीस. मी विचारलं, "गाडी कुठली?"

"इंजिन नसलेली जुनी फोर बाय फोर पिकअप आहे साहेब. भंगारात घेतली. पेपर आहेत." कागद त्याने बरोबरच आणले होते आणि ते चोख होते.

"आणि इंजिन?"

"घरचं आहे."

"घरचं म्हणजे? इंजिन काय शेवगा आहे, परसात उगवायला?"

तो हसला नाही. "चोरीचं नाहीय साहेब. एवढंच सांगतो."

"नंबर का घासलास?"

"गंज काढत होतो. नंबर त्यात गेला. चूक झाली."

इतकी वर्षं मी गुन्हेगार पाहिले. खोटं बोलणारा माणूस जास्त बोलतो. न विचारलेलं सांगतो, आईची शपथ घालतो, पाणी मागतो. हा गडी मूग गिळून बसला होता. हवालदारांनी आवाज चढवून पाहिला, मी गोडीगुलाबीने विचारून पाहिलं, उत्तर एकच, घरचं आहे. शेवटी स्वतःहून बोलला ते एवढंच, "साहेब, मला इथे हवं तेवढं बसवा. रोज बोलवा, रोज येतो. फक्त घरी येऊ नका."

झालं. जो म्हणतो घरी येऊ नका, त्याच्या घरी पहिलं जायचं, हा पोलिसातला पहिला धडा. हवालदार बाहेर येऊन माझ्या कानाशी लागले, "साहेब, इथंच पाणी मुरतंय बघा."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोन पंच बरोबर घेऊन उत्तन गाठलं. समुद्राला पाठ लावून उभं असलेलं कौलारू घर, पुढे वाळत घातलेले बोंबील, मागे चिंचेखाली पत्र्याची शेड. शेडमध्ये पाऊल टाकलं आणि मी आलो कशाला होतो ते क्षणभर विसरलो.

काय गाडी बनवली होती. चासी उचलून घेतलेली, छातीला लागतील एवढे टायर, खाली वाळूत रुतली तर निघावी म्हणून चारी चाकांना जोर दिलेला. वर लोखंडी गर्डरला साखळीची पुली लटकत होती, तिच्यावरूनच एकट्याने इंजिन उचलून बसवलं होतं. इंजिन एका जातीचं, गिअरबॉक्स दुसऱ्या जातीचा. दोघांची सोयरीक जुळावी म्हणून मधे जाड पोलादी प्लेट स्वतः कापून, भोकं पाडून घातलेली. वेल्डिंग इतकं साफ की हवालदारांनी नकळत बोट फिरवून पाहिलं. पुढची डावीकडची सीट मात्र गाडीची नव्हती. गादी घातलेली, दोन्ही बाजूंनी हात असलेली खुर्ची होती ती, आणि तिला पट्टे लावले होते.

पंचनामा सुरू झाला. इंजिनावर नंबराच्या जागी खरोखर घासल्याची चकचकीत खूण होती. बाकी अंगावर जाड हिरव्या रंगाचे थरावर थर. मी म्हटलं, "चालू कर."

लिफ्टवाल्याचा चेहरा उतरला. "आत्ता नको साहेब. संध्याकाळी या, करून दाखवतो."

"तुझ्या सवडीने पंचनामा करायचा का आम्ही?"

तो काही बोलायच्या आत हवालदारांनी चावी फिरवली. इंजिन खोकलं, धुराचा एक गोळा फेकला आणि धडधडायला लागलं. त्या आवाजाबरोबर घरातून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "आली काय रं होरी?" होरी म्हणजे होडी.

लिफ्टवाल्याने माझ्याकडे पाहिलं. एवढा दणकट गडी, पण डोळे भरून आले होते. घराच्या दिशेने तोंड करून, आवाज हसरा काढून तो ओरडला, "आली पप्पा." मग त्याने चावी बंद केली आणि तिथेच टायरला टेकून खाली बसला. म्हणाला, "आता सांगतो साहेब. पण हळू बोला."

हकिगत अशी. तांडेलाचे पाय गेल्याला काही वर्षं झाली होती. तो पुढच्या खोलीत खाटेवर पडून असे. होडी त्याने मुलाच्या नावावर करून दिली होती आणि एक जुना खलाशी ती दर्यावर नेत असे. पुढे होडीचं लाकूड सडलं. खलाशी गावी गेला. दुरुस्ती होण्यासारखी नव्हती, म्हणून मुलाने ती मोडायला दिली. इंजिन मात्र त्याच्याने देववलं नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या होड्यांत पुष्कळदा ट्रकचंच डिझेल इंजिन बसवलेलं असतं. याचंही तसंच होतं. दरसाल होड्या वर ओढल्या की कोळी इंजिन खरवडतात आणि वर ऑइलपेंटचा जाड हात मारतात. खाऱ्या हवेत लोखंड टिकवायची ती रीत. यानेही सवयीने तेच केलं. फक्त बापाच्या हातात पत्रा असायचा, याच्या हातात ग्राइंडर होता, आणि नंबर गेला.

"होडी मोडली हे पप्पांना सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "जीभच रेटत नाही साहेब. त्यांचं अर्धं आयुष्य त्या होडीवर गेलंय. मी रोज कामावरून येतो, इंजिन चालू करतो, ते विचारतात आली काय, मी बोलतो आली. मग मार्केटमधनं आणलेलं म्हावरं आपल्या होडीचं म्हणून वाढतो."

"आणि ही गाडी?"

"गाडी बनवतोय हे त्यांना माहितीय. इंजिन कुठलं, ते नाही. खाटेवरून उचलून त्यांना ह्या सीटवर बसवणार. मागच्या फाटकातनं थेट वाळूत उतरायचं, पार पाण्यापर्यंत. आणि तिकडे सांगणार, पप्पा, होडी गेली, पण तिनेच तुम्हाला दर्यावर आणलंय. थोडंच काम राहिलंय साहेब. तुम्ही आत्ता गाडी उचलून नेलीत तर गावभर होईल. त्यांना शेजाऱ्याकडून कळेल. ते मला नाही चालणार."

आमचे फटकळ हवालदार चिंचेकडे बघत उभे होते आणि नाक पुसत होते. पण पोलीस कथेवर विश्वास ठेवायला लागला तर ठाण्याला कुलूप लावावं लागेल. चोरीचं इंजिन बसवून बापाच्या आजारपणाची गोष्ट सांगणारेही मी पाहिले होते. बापाला विचारल्याशिवाय मला सुटका नव्हती. लिफ्टवाल्याने हात जोडले. मी म्हटलं, "गस्तीवर आलोय, पाणी प्यायला आत येतो. बाकी माझ्यावर सोड."

खाटेवर हाडांचा सापळा, पण डोळे तल्लख. तांडेलाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मुलाला म्हणाला, "साह्यबाला च्या टाक. आलं किसून घाल." मुलगा स्वयंपाकघरात गेला तसा त्याने मला बोटाने जवळ बोलावलं.

"इंजिनासाठी आलास ना?"

मी उडालोच. "कुठलं इंजिन, बाबा?"

"माजंच. त्यावरचा हिरवा रंग माज्या हाताचा हाय." स्वयंपाकघराकडे एकदा बघून तो पुढे म्हणाला, "होरी मोडली, मना ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"कोन कशाला सांगल? भरती रोज पाऊन तास उशिरा येते. होरी भरतीलाच येते. आमची होरी मातर रोज पोऱ्याच्या डुटीपरमानं येते. वोहोटीला काय वाळूवर चालून येल? नि आवाज दर्यावरून न्हाय, हितं चिंचेखालून येतो. नि म्हावरं बरफातलं." तो पोट धरून हसला, मग एकदम गंभीर झाला. "त्याला बोलू नको. तो कायतरी ठरवून हाय. त्याच्या तोंडून आयकायचं हाय मना. गाडी नेऊ नको तू. माज्या मागारी सांग त्याला हवं तर, की म्हातारा येडा नव्हता."

चहा आला. इतका चांगला आल्याचा चहा मी क्वचितच प्यायलो असेन. बाप मुलाकडे बघून हसत होता, मुलगा बापाकडे बघून हसत होता आणि मधे मी गणवेशात बसलो होतो.

नियमाने जे करायचं ते केलं. गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्यात न आणता सुपूर्दनाम्यावर त्याच्याच ताब्यात ठेवली. ज्याने होडी मोडली त्याचा जबाब घेतला, खलाशाला फोन करून विचारलं. दोघांचं म्हणणं तंतोतंत जुळलं. इंजिन चोरीचं नव्हतं. लिफ्टवाल्याला समोर बसवून दम भरला, "आरटीओची परवानगी घेऊन इंजिन बदलाची नोंद होईपर्यंत डांबरी रस्त्यावर चाक दिसलं तर मीच उचलीन." भाईंदरच्या गाड्या चोरणारे पुढे वेगळेच निघाले, त्यांची गोष्ट सांगण्यासारखी नाही.

काही आठवड्यांनी त्याचा फोन आला, "साहेब, रविवारी पप्पांना उतरवतोय. याल?" मी आणि हवालदार साध्या कपड्यांत गेलो. हवालदारांनी म्हाताऱ्याला लेकरासारखं उचललं आणि सीटवर बसवून पट्टे लावले. गाडी मागच्या फाटकातून डुलत निघाली, वाळूत एकदा फसली, गुरगुरत वर आली आणि पाण्याला चाकं लावून थांबली. आम्ही लांब उभे होतो. लिफ्टवाला खाली उतरला, फिरून बापाच्या बाजूला आला आणि बोलायला लागला. शब्द ऐकू येत नव्हते. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी मुलाचं डोकं छातीशी धरलं आणि मोठमोठ्याने रडला.

मला वाटलं, वा रे तांडेला, काय नाटक वठवलंस. परत आल्यावर मुलगा शेडकडे गेला तेव्हा मी हळूच तसं म्हणालोही. त्याने माझा हात घट्ट धरला. "नाटक न्हाय रं साह्यबा. ठावं असनं येगळं. पोऱ्याच्या तोंडून आयकनं येगळं."

सगळी नोकरी मी माणसांना बोलतं करण्यात घालवली. मला आधीच माहीत असलेलं त्यांच्या तोंडून काढायचं, म्हणजे केस मजबूत होते, एवढाच त्याचा अर्थ मला ठाऊक होता. समोरच्याने आपणहून बोलावं म्हणून कुणी वाट बघत बसतं, कळलेलं पोटात ठेवून रोज हसत बसतं, हे मला त्या खाटेवरच्या माणसाने शिकवलं. ठाण्यात नसतं शिकायला मिळालं.

तांडेल मागल्या वर्षी गेले. हे लिहायला घेतलं तेव्हा मनात आलं, त्यांचा निरोप लिफ्टवाल्याने छापलेला का वाचावा? म्हणून आधी उत्तनला जाऊन आलो. सगळं सांगितलं, भरतीचं, चिंचेचं, बर्फाचं. तो उठून शेडच्या दारापर्यंत गेला. मग म्हणाला, "साहेब, मी रोज बोलायचो होडी आली. त्यावर ते कधी बोलायचे, ‘आज बेगीन आली,’ कधी बोलायचे, ‘आज उशीर झाला.’ मला वाटायचं, पप्पांना आता वेळेचं भान राहिलं नाही."