इलेक्ट्रॉनला काय कळतं

कराडच्या आमच्या ध्यानवर्गाला एक बाई येतात. पूर्वी कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. बोलता बोलता पदरानं चष्मा पुसतात आणि समोरच्याला कळलं नाही असं वाटलं, की तेच वाक्य मोठ्यानं पुन्हा सांगतात.

एकदा वर्गात एक पाहुणे म्हणाले, "प्रयोगात इलेक्ट्रॉनकडे बघितलं, की तो वागणं बदलतो. तसंच मनात जे बघाल, ते घडतं."

माझा लेक फौजेत, सीमेवर. डोळे मिटले की मला तो जखमी दिसायचा. त्या दिवसापासून मी डोळे मिटायचेच सोडले.

बाईंनी ते हेरलं आणि मला बाजूला घेतलं. मी रडतच सगळं सांगितलं.

"आगं, त्या प्रयोगात बघतं ते यंत्र," त्या म्हणाल्या. "यंत्राशी गाठ पडते म्हणून इलेक्ट्रॉन बदलतो. तुझ्या मनातलं त्याला कळत न्हाई, मग गोळीला कुठनं कळंल?"

"मग तुमी ध्यानाला कशाला येता?"

"घरात सगळी बोलत्यात. हितं कुणी बोलत न्हाई."

मला रडता रडता हसू फुटलं. आत जाऊन मी डोळे मिटले. ते चित्र आलं, थोडा वेळ राहिलं आणि गेलं. मी डोळे उघडले नाहीत.