कानाच्या परीक्षेची भाषा

सॉल्ट लेकमधल्या दवाखान्यात कान तपासणाऱ्या मुलीनं फॉर्म भरताना विचारलं, "मदर टंग?" आणि मी छातीठोकपणे सांगून बसलो, "बांगला." बदलीनं कोलकात्यात येऊन बावीस वर्षं झाली, बाजारात मी बंगालीतच भांडतो. शिवाय मराठी म्हटलं तर ही बिचारी तपासणीला मराठी शब्द कुठून आणणार, असा परोपकारी विचारही होताच.

शेजारी बसलेल्या बायकोनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. वर्षभर तिचं एकच चाललं होतं, "अहो, कानाला मशीन लावा, माझा घसा बसला." मला मशीन नको होतं. ते लागत नाही हे सिद्ध करायलाच तर मी आलो होतो.

बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं. कानात एकेक शब्द येतो, तो तसाच म्हणून दाखवायचा. पंचवीसपैकी माझे अकरा बरोबर.

"अंकल, शब्द ऐकू आला नाही, की माहीतच नव्हता?" मुलीनं हिंदीत विचारलं.

माझं बंगाली भाजीवाल्याच्या पुढे फारसं गेलेलंच नाही, हे मला त्या खोलीत कळलं. मातृभाषा मराठी असल्याचं कबूल करावं लागलं.

मराठी शब्दांचं रेकॉर्डिंग तिच्याकडे नव्हतं. म्हणून तिनं बायकोलाच वीस शब्द लिहायला लावले आणि माइकसमोर बसवलं. मला ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे कागद. कानात आवाज आला: पिशवी. नळ. गोळ्या. टॉवेल. कुकर. वीसपैकी वीस! मी गड जिंकल्यासारखा बाहेर आलो.

"हे धरता येणार नाही," मुलगी म्हणाली. "आवाज घरचा, शब्दही रोजचे. अर्धा ऐकू आला तरी उरलेला तुम्ही मनानं भरता."

मग हिंदीची यादी, आणि मागे गर्दीचा गोंगाट सोडलेला. ऑफिसात उभा जन्म हिंदीत गेलेला. भाषेची सबब सांगायची सोय नव्हती. उजवा कान साफ नापास. मशीन लागणार.

आम्ही ऑटोनं परत निघालो. बायकोनं दवाखान्यातून वीसपैकी वीसचा कागद मागून आणला होता. तो घडी घालून तिनं पर्समध्ये ठेवला.

"मशीन बाहेर जाताना लावा," ती म्हणाली. "घरात माझं सगळं ऐकू येतं तुम्हाला, हे आज लेखी मिळालं."